पारोशा काचा

"मॅडम, तुम्ही नेमकं काय करता?" असं कुणी विचारलं की सुरुवातीला मी इमानदारीनं उत्तर द्यायची. "धातूंच्या ऑक्साइडचे पातळ थर बनवते. सौर घटांसाठी." ते ऐकून समोरच्याचा चेहरा असा व्हायचा की मलाच त्याची कीव यायची. पुढंपुढं मी उत्तर सोपं करून टाकलं. "काचेवर डाग पाडते," असं सांगायची. लोक हसायचे, पण निदान पुढचा प्रश्न तरी विचारायचे. आणि ते उत्तर खोटंही नव्हतं. नांदेडला भौतिकशास्त्र विभागात नोकरीची बहुतेक वर्षं मी हेच केलं. स्वच्छ काच घ्यायची, ती आणखी स्वच्छ करायची, इतकी की तिच्यावर आपला श्वाससुद्धा पडू द्यायचा नाही, आणि मग तिच्यावर नीट, सारखा, ठरवून डाग पाडायचा.

आता निवृत्त झाले आहे, वेळ भरपूर आहे, म्हणून जरा सविस्तर सांगते. सौर घटात उजेडाची वीज होते. ती बाहेर काढायला वाट लागते. पण उजेड ज्या बाजूनं येतो तिथं धातूचा पत्रा ठेवला तर उजेडच अडतो. म्हणून अशी वस्तू हवी की जिच्यातून उजेडही जाईल आणि वीजही. पितळी भांड्यांना कल्हई करतात ना, त्या कथिलाच्या ऑक्साइडचा थर काचेवर दिला की हे जमतं. जस्ताच्या ऑक्साइडचंही असंच काम. आणि टायटॅनियमचं ऑक्साइड, जे घराला देण्याच्या पांढऱ्या रंगात असतं, त्याचा गुण आणखी निराळा. त्याच्या थरावर ऊन पडलं की मळ हळूहळू सुटतो आणि पाणी पडलं तर थेंब धरत नाही, सपाट पसरून मळ घेऊन खाली उतरतं. पावसात भिजलेला शर्ट अंगाला चिकटतो तसं पाणी काचेला चिकटतं म्हणा. त्यात थोडी सिलिका, म्हणजे वाळूतलाच घटक, मिसळली तर काच उजेडही कमी परतवते.

थर द्यायची आमची पद्धत गरिबाघरची होती. काच गरम पत्र्यावर ठेवायची आणि वरून द्रावणाचा धुक्यासारखा फवारा मारायचा. पाणी उडून जातं, ऑक्साइड बसतं. फवारा मारला की पत्रा थोडा थंड होतो, म्हणून थांबायचं, पत्रा पुन्हा तापू द्यायचा, मग पुढचा फवारा. भाकरी करणाऱ्या बाईला हे शिकवावं लागत नाही. मी भाकऱ्या करतच मोठी झाले, हिमायतनगरला, त्यामुळे तव्याचा अंदाज घेऊनच मी पीएचडीला गेले असं म्हणायला हरकत नाही. थर किती जाड झाला ते काच तिरपी धरून रंगावरून कळायचं. आधी तपकिरी, मग वांगी, मग निळा, पुढं सोनेरी. अजूनही साडीच्या दुकानात कुणी वांगी रंगाची साडी उलगडली की माझ्या मनात पहिल्यांदा थराची जाडी येते, किंमत नंतर.

या कामातला सगळ्यात मोठा शत्रू कोण, तर स्वच्छतेची आवड. विभागात झाडलोटीला यमुनाबाई होत्या. फार नीटस बाई. एकदा मी वाळत ठेवलेल्या काचा त्यांनी राखेनं घासून, धुऊन, फडक्यानं पुसून, चकाचक करून परत रांगेत मांडून ठेवल्या. मी आले तर त्या अभिमानानं उभ्या. "म्याडम, लई घाण झाल्त्या बगा. तुमाला वेळच भेटत न्हाई." मी त्यांना चहा पाजला आणि दुसऱ्या दिवशी फळीवर पाटी लावली: 'या काचा घाण नाहीत. धुऊ नयेत.' बाहेरगावचे पाहुणे आले की त्या पाटीचे फोटो काढून न्यायचे.

दुसरा शत्रू भारनियमन. भट्टीत काच ठेवली आणि वीज गेली, की एकदम थंड होऊन थराला भेगा. विजेसाठी चाललेलं संशोधन विजेअभावी बंद पडलंय, हा विनोद विभागात रोज कुणी ना कुणी करायचं आणि रोज करणाऱ्याला वाटायचं की तो त्यालाच सुचला.

पण मला सांगायची आहे ती गोष्ट टायटॅनियमच्या थराची. तिचं बी लातूरला पडलं. नांदेडला येण्याआधी काही वर्षं मी लातूरच्या एका कॉलेजात शिकवत होते. उन्हाळ्यात टँकर आला की आमच्या गल्लीत प्राध्यापक, वकील, भाजीवाला सगळे एका रांगेत घागरी घेऊन उभे. कॉलेजच्या वसतिगृहावर सौर दिवे होते. मला कळेना की ऐन मे महिन्यात, ऊन अंग भाजून काढत असताना, ते दिवे मंद कसे होतात. वर जाऊन पाहिलं तर पॅनेलवर बोटभर धूळ. मी वॉचमनला म्हटलं, "अहो, हे धुवायचं असतं." तो माझ्याकडं बघतच राहिला. म्हणाला, "म्याडम, प्यायला पाणी न्हाई आन् ह्याला आंघूळ घालू?" ते मी विसरले नाही. ज्या मुलखात ऊन भरपूर तिथंच पाण्याची मारामार. मग अशी काच हवी, जी दवावर, भुरभुर पावसावर, आहे तेवढ्या पाण्यावर स्वतःला धुऊन घेईल.

अशी काच जगात नवीन नव्हती. आमच्या धुळीवर ती टिकते का, हे कुणी पाहिलं नव्हतं.

नांदेडला पॅनेल आणि इन्व्हर्टर विकणारे पाशाभाई एकदा कुणाच्या तरी सांगण्यावरून विभागात आले. "म्याडम, ऐसा कुछ बनाव ना, पॅनेल पे मारे तो धूल नै बैठना. लोगां मेरेकू बोलतैं, तेरा माल खराब है." मी त्यांना समजावलं की हा बाटलीतून मारायचा रंग नव्हे, काच चांगली तापवावी लागते, तयार पॅनेल तेवढं तापवलं तर त्याचा कोळसा होईल. ते जरा हिरमुसले. पण पुढच्या आठवड्यात माणसाकडून चार छोटे पॅनेल पाठवून दिले, एकाच बनावटीचे. "आप काच बनाव, मेरा नाम मत भूलना." नाही विसरले, पाशाभाई.

त्याच सुमारास बालाजी माझ्याकडं पीएचडीला आला. गाव शिरूर अनंतपाळजवळचं, घरी शेती, हा एका विनाअनुदानित शाळेत शिकवायचा. मुकाट काम करणारा मुलगा. त्याच्या शेतात सौर पंप होता आणि सोयाबीनची मळणी सुरू झाली की पंपाच्या पॅनेलवर भुश्श्याचा थर बसून पाणी कमी पडायचं, हे तो घरचं दुखणं सांगावं तसं सांगायचा. त्याला विषय समजावून द्यावा लागला नाही.

आम्ही लोखंडी चौकट बनवली. तिच्यात पाशाभाईंचे चार पॅनेल, प्रत्येकावर एकेक काच. दोन काचांवर थर, दोन कोऱ्या. हे उन्हात ठेवायचं, पूर्ण एक वर्ष, आणि दर रविवारी चारही पॅनेलचा करंट मोजायचा. अट एकच. वर्षभरात कुणीही काचांना हात लावायचा नाही. आभाळातून पडेल तेच पाणी, वाऱ्यानं येईल तीच धूळ. चौकट आधी विभागाच्या गच्चीवर ठेवली. तिथं वानरांनी वायरी ओढून झोके घेतले. तेव्हा बालाजी म्हणाला, "मॅडम, आमच्या अंगणात ठेवू. धूळ पण खरी भेटेल."

अशा रीतीनं आमचं संशोधन प्रयागबाईंच्या अंगणात गेलं. प्रयागबाई म्हणजे बालाजीची आई. मी चौकट बसवायला स्वतः गेले होते. बाई उंच, काटक, सकाळीच सडा-सारवण करून अंगण असं ठेवलेलं की त्यावर चप्पल घालून जायला संकोच वाटावा. पॅनेलचं तोंड दक्षिणेला असावं लागतं. ते बघून त्या म्हणाल्या, "दक्षिणंला त्वांड करून कामून ठेवून राहिले, बाई? चांगलं न्हाई ते." मी सांगितलं, सूर्य तिकडून जास्त मिळतो. "सूर्याचं असंल तर ठेवा," म्हणाल्या. मग मी खरी अट सांगितली. वर्षभर धुवायचं नाही. पुसायचं नाही. फडकंसुद्धा मारायचं नाही.

त्यांनी एकदा चौकटीकडं पाहिलं, एकदा माझ्याकडं. "म्हंजी माझ्या दारात वरीसभर पारोशा काचा ठेवायच्या?"

पारोसा म्हणजे सकाळी आंघोळ न केलेला माणूस. त्यांच्या घरात पारोशानं चुलीला शिवायचं नाही, देवाला शिवायचं नाही. मी म्हटलं, "हो. पारोशाच."

"आन् त्यानं बालाचं काय व्हतंय?"

"त्याची पीएचडी होईल. मग कॉलेजात नोकरी लागू शकते."

"ठेवा मग," त्या म्हणाल्या.

कोणत्या दोन काचांवर थर आहे हे घरात कुणालाही सांगायचं नाही, असं मी बालाजीला बजावलं होतं. माहीत असलं की माणूस नकळत एका काचेची बाजू घेतो. खुणा मागच्या बाजूला होत्या, आम्हा दोघांनाच ठाऊक.

पुढच्या महिन्यांच्या हकिगती मला बालाजीकडून कळायच्या. तो सोमवारी आकडे आणायचा आणि आकड्यांबरोबर आईचं गाऱ्हाणं. त्याचे वडील येताजाता म्हणायचे, दारात कचरा मांडून ठेवलाय, लोक हसून राहिले. बहिणीला बघायला पाहुणे आले तेव्हा तर घरात भांडणच झालं. वडिलांचं म्हणणं, निदान आजच्या दिवस धू. प्रयागबाईंनी ऐकलं नाही. पाहुण्यांपैकी एका म्हाताऱ्यानं विचारलं, हे काय आहे, तेव्हा त्या पदर सावरून म्हणाल्या, "ही माझ्या लेकाची परीक्षा हाय. चालू हाय अजून." लग्न जमलं. पाहुण्यांना तेच आवडलं म्हणे, की ह्या घरात एकदा बोललं की बोललं. चिमण्या बसल्या की त्या टाळी वाजवून उडवायच्या. मी निरोप पाठवला की चिमण्यांना बसू द्या, तोही प्रयोगाचा भाग आहे. त्यावर त्यांचा निरोप आला, "चिमण्याची घाण चालती आन् माझं फडकं चालत न्हाई, ह्याला काय म्हणावं." 

एकदा पहाटे जाग आली की त्या उठून नुसत्या काचांकडं बघत बसायच्या, असंही बालाजीनं सांगितलं. मला ते समजत होतं. मी स्वतः असल्या घरातली आहे. चूल थंड झाली की पोतेरं फिरवल्याशिवाय माझ्या आईला झोप यायची नाही. त्या बाईच्या हाताला वर्षभर किती खाज सुटली असेल, हे मीटरवर मोजता येत नव्हतं.

आकडे मात्र फार सुंदर येत होते. उन्हाळ्यात चारही काचा सारख्याच मळल्या. पहिला पाऊस भुरभुरून गेला तशा दोन सावरल्या, दोन चिखलाचे ओघळ घेऊन बसल्या. आता खरी कसोटी होती मळणीची आणि तिच्या मागून येणाऱ्या दवाची. तेवढे महिने निघाले की प्रबंधाचं शेवटचं प्रकरण पुरं. बालाजीच्या नोंदणीची मुदत संपत आली होती आणि लातूरकडच्या एका कॉलेजात जागा निघणार होती. तिथं उभं राहायचं तर हातात पदवी हवी होती. घरातल्या सगळ्यांचे डोळे तिकडं लागलेले.

आणि घटस्थापनेच्या थोडं आधी प्रयागबाई गोठ्यात घसरून पडल्या. खुब्याचं हाड मोडलं. लातूरला दवाखान्यात नेलं, ऑपरेशन झालं. सगळं घर दवाखान्यात.

आमच्या भागात नवरात्राआधी 'दसरा काढतात'. घरातल्या झाडून सगळ्या गोधड्या, वाकळा, भांडी, डबे, पाट, देवघर, सगळं बाहेर काढायचं, धुवायचं, वाळवायचं, भिंती झाडायच्या, सारवायच्या. दसरा न काढलेलं घर म्हणजे बाईला मोठी नामुष्की. आमच्याही घरी त्याच आठवड्यात अशीच साफसफाई असते, आमच्या विजयादशमीचं कारण निराळं, धम्मदीक्षेचं, आहे एवढंच. तर प्रयागबाई दवाखान्यात पडलेल्या, दसरा तोंडावर आला, आणि त्यांच्या गल्लीतल्या बायकांनी आपसांत ठरवलं की ह्यांचा दसरा आपण काढू. शेजारची केवळबाई पुढं झाली. कुणी काही मागितलं नव्हतं. दोन दिवस राबून त्यांनी ते घर आरशासारखं केलं.

रविवारी बालाजी आकडे घ्यायला दवाखान्यातून गावी गेला आणि तिथून त्यानं मला फोन लावला.  म्हणाला, "मॅडम, काचा धुतल्या."

मी विचारलं, कुणी. त्यानं सांगितलं. नंतर म्हणाला, "कुणाला काय बोलू, मॅडम? आमच्यासाठीच राबल्या त्या."

मी लातूरला गेले तो प्रयागबाईंना घरी सोडायचा दिवस होता. त्यांना कुणी काही सांगितलं नव्हतं. जीपमध्ये मी त्यांच्या शेजारी बसले. वाटेत त्या मलाच विचारत होत्या, "काचा ठीक हाईत न्हवं? म्या न्हाई तर चिमण्या माजल्या असतील." बालाजी पुढच्या सीटवर, खिडकीबाहेर बघत. मी म्हटलं, आधी घरी तर चला.

घरापुढं जीप थांबली. खुर्चीत बसवून चौघांनी त्यांना उतरवलं. गल्लीतल्या बायका कौतुकानं दारात उभ्या होत्या, केवळबाई भाकरतुकडा घेऊन ओवाळायला पुढं आली. प्रयागबाईंनी घर बघितलं, भिंती बघितल्या, दोरीवरच्या वाकळा बघितल्या. चेहरा खुलला. मग नजर चौकटीवर गेली.

चारही काचा उन्हात लखलखत होत्या. कित्येक महिने ज्या धुवायला त्यांचा हात शिवशिवत होता, त्या काचा अगदी त्यांना हव्या होत्या तशा झाल्या होत्या. आणि ती बाई रडायला लागली. ऑपरेशनच्या वेळी जिच्या डोळ्यांतून टिपूस आलं नाही म्हणतात, ती ओठावर पदर दाबून रडली. केवळबाईचा हात तिथंच थांबला. "आक्का, काय चुकलं व्हय आमचं?"

प्रयागबाईंनी मान हलवली. "तुमचं न्हाई गं काई. म्याच सांगून जायला पायजे व्हतं."

बालाजीनं मग बायकांना सगळं सांगितलं.  केवळबाई खालीच बसली. मग काहीतरी बोलायचं म्हणून ती म्हणाली, "पर येक सांगू का, म्याडम? काचा येकसारख्या न्हाईत त्या. दोन काचांवर तांब्याभर पाणी घातलं का सपाट्यानं साफ. हातच लावावा लागला न्हाई. बाकीच्या दोन राखंनं घासघास घासल्या तवा निघाल्या."

 मी विचारलं, "कोणत्या दोन?"

ती उठली आणि बोट दाखवून म्हणाली, "ही दुसरी. आन् ती पल्याडची."

बालाजीनं माझ्याकडं बघितलं, मी बालाजीकडं. थर दुसऱ्या आणि चौथ्या काचेवर होता. जगातल्या कुठल्याही प्रयोगशाळेत याहून निखळ चाचणी झाली नसती. करणारीला काय चाललंय ते ठाऊक नव्हतं, काही सिद्ध करायचं नव्हतं, तिला फक्त शेजारणीचा दसरा काढायचा होता. पण प्रबंधात 'केवळबाईंचा तांब्या' म्हणून आलेख काढता येत नाही. आमचं वर्ष मोडलं ते मोडलंच. एक बरं होतं, थराच्या काचांना राख लागली नव्हती, थर शाबूत होता.

बालाजी मला एका बाजूला घेऊन म्हणाला, "मॅडम, आतापर्यंतच्या आकड्यांवरून पुढची रेघ ओढता येईल का?" त्याचा आवाज इतका हळू होता की मला त्याचं वाईटच वाटलं. मुदत, ती जागा, हॉस्पिटलची धावपळ, सगळं मला दिसत होतं. आणि रेघ कुठून कशी जाणार हे तर आम्हा दोघांना आता चांगलंच माहीत होतं. मी म्हटलं, "येईल. दिसेलही खरी. पण मळणीची धूळ त्या रेघेवर बसलेली नसेल, बालाजी."

 खुर्चीतून प्रयागबाईंनी विचारलं, "काय म्हणून राहिलाय त्यो?"

मी लपवलं नाही. सांगितलं की खरं करायचं तर पुन्हा पहिल्यापासून, येत्या उन्हाळ्यापासून, पूर्ण वर्ष. मुदत वाढवून मिळेल, मी भांडेन त्याच्यासाठी. पण ती लातूरकडची जागा यंदा जाईल. त्यावर बालाजीचे वडील एवढंच म्हणाले की जागा काय वाट बघत बसत नसती. प्रयागबाईंनी लेकाकडं बघितलं. बालाजी खाली मान घालून उभा होता. मग त्यानं मान वर केली आणि म्हणाला, "आये, आणखी एक वर्ष ठेवशील का?"

"ठेवू की पारोशा," त्या म्हणाल्या. "म्या कुठं चाललेय?"

जागा गेली. ती हळहळ मला आजही आहे. त्या मुलाला मी थांबवलं नसतं तर तो निदान घराजवळ राहिला असता, असं मला अधूनमधून वाटतं. आणि तरी पुन्हा विचारलं तर मी तेच सांगेन. दुसऱ्या वर्षी प्रयागबाई काठी घेऊन चालायच्या, बाकी वेळ चौकटीजवळ खाट टाकून बसलेल्या. आता राखण त्यांची एकटीची नव्हती. सगळी गल्लीच पहाऱ्याला. बालाजीच्या वडिलांनी तर नवीन आलेल्या जावयालाही चौकटीजवळ हात धुऊ दिले नाहीत. दुसरा दसरा आला तेव्हा सारं घर धुतलं गेलं, आणि चौकटीभोवतालचं अंगण केवळबाईनं ओणवं होऊन ओल्या फडक्यानं पुसून घेतलं, काचेवर शिंतोडा उडू नये म्हणून. मळणी झाली, काचा भुश्श्यानं माखल्या, मग थंडीतलं दव पडायला लागलं, आणि रोज सकाळी दोन काचा थोड्याथोड्या उजळत गेल्या. ते आकडे बालाजीनं आणले त्या सोमवारी मी विभागात पेढे वाटले. यमुनाबाईंना पेढा देताना सांगितलं की हे काच न धुतल्याचे आहेत. त्या म्हणाल्या, "तुमचं काई समजत न्हाई बगा."

तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या परीक्षकांनी बालाजीला विचारलं, "गावात वर्षभर उघड्यावर ठेवलेला प्रयोग इतका बिनचूक कसा? देखरेखीला कोण होतं?" बालाजीनं सांगितलं, "माझी आई, सर." सभागृहात मागच्या रांगेत त्या काठी टेकून बसल्या होत्या. परीक्षक उठून उभे राहिले आणि त्यांनी हात जोडले. प्रयागबाई गडबडून गेल्या, त्यांनाही उठायचं होतं, पण खुब्यानं ऐकलं नाही.

बालाजीला पुढं देगलूरकडं नोकरी लागली. त्या थराचं काय झालं, म्हणाल तर फार काही नाही. आता कारखान्यातूनच असे थर दिलेल्या काचा येतात म्हणतात, आमच्यापेक्षा कितीतरी सफाईदार. आमचा फवारा, तो गरम पत्रा, ती पाटी, सगळं विभागानं मोडीत काढलं. मी निवृत्त होताना एक वांगी रंगाची काच तेवढी पर्समध्ये टाकून आणली. ती खिडकीत ठेवली आहे आणि आमची मोलकरीण ती रोज पुसते. पुसू देते.

गेल्या वर्षी प्रयागबाई गेल्या. मी तेराव्याला गेले. सुतक फिटल्यावर घर धुतात तसं गल्लीतल्या बायकांनी सगळं घर धुऊन काढलं होतं. भिंती सारवलेल्या, वाकळा दोरीवर, अंगण ओलं. कोपऱ्यात ती चौकट अजून होती. तिच्या वायरी कधीच काढून नेल्या होत्या, प्रबंध कपाटात जाऊन पडला होता, त्या काचांचा आता कुणालाही काही उपयोग नव्हता. दोन काचा दवानं बऱ्यापैकी स्वच्छ होत्या. दोन धुळीनं आंधळ्या झालेल्या. आणि चौकटीभोवती हातभर जागा कोरडी होती.

केवळबाई माझ्याजवळ येऊन उभी राहिली.  रडू आवरून मी म्हटलं, "केवळबाई, प्रयोग तर कधीच संपला. ह्या का नाही धुतल्या?"

"आमी कशा धुवाव्या, म्याडम?" ती म्हणाली. "आक्कानं ठिवल्याल्या हाईत त्या."